बिल बघणारे सुभेदार

माझ्या गाडीची जुनी क्लचप्लेट मी भंगारवाल्याला विकली आणि दोन दिवसांनी त्याच भंगारवाल्याकडून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची क्लचप्लेट तिप्पट पैसे मोजून विकत आणली. आज हे वाक्य मला शांतपणे लिहिता येतं. ज्या आठवड्यात हे घडलं, त्या आठवड्यात ते बायकोलाही धड सांगता आलं नव्हतं.

असं का केलं हे सांगायचं तर आधी सुभेदार निकम सांगावे लागतील.

सांगलीत विश्रामबागेत आमची अपार्टमेंट आहे. तिच्या तळमजल्यावर सुभेदार राहायचे. मूळ गाव रहिमतपूरजवळ. लष्करात अठ्ठावीस वर्षं ट्रक आणि जीपगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. मुलाची नोकरी सांगलीत, म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मावशी, गावचा ऊस भावाच्या हवाली करून इथं आले. मुलगा ऑफिसात, मावशींना शेजारणी मिळाल्या, आणि सुभेदारांना काही कामच उरलं नाही. मग त्यांनी एक काम काढलं. लोकांची गॅरेजची बिलं बघून द्यायचं.

सकाळी आठ वाजता ते पार्किंगमध्ये निळी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, खुर्चीच्या पायाशी चहाचा स्टीलचा पेला. कुणी बिल घेऊन आलं की ते न वाचता पालथं घालायचे आणि त्यावर पेला ठेवायचे. कागदावर चहाचं गोल कडं उमटायचं. त्या कड्याशिवायचं बिल आमच्या बिल्डिंगमध्ये कच्चं समजलं जाई.

मग पहिला प्रश्न. "जुना माल आणला का?"

म्हणजे गाडीतून काढलेले जुने भाग. ते गॅरेजवाल्याकडून मागून घ्यायचे आणि सुभेदारांना दाखवायचे, हा त्यांचा नियम. बिलात ब्रेकपॅड लिहिलेत तर झिजलेले ब्रेकपॅड समोर पाहिजेत. "कागदावर कुणीबी काय बी लिवंल," ते म्हणायचे. "लोखंडाला खोटं बोलाया येत न्हाई." मागच्या विंगमधल्या एका गृहस्थांनी जुना माल गॅरेजमध्येच सोडून दिला होता. सुभेदार त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. "गाडी काय म्हणत हुती?"

गाडीनं काढलेला आवाज मालकानं स्वतःच्या तोंडानं काढून दाखवायचा. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या आमच्या शेजारीण बाई कॉटनची साडी नेसून, पर्स खांद्याला लावून, पार्किंगमध्ये उभ्या राहून "कर्रर्र… खट्, कर्रर्र… खट्" असं करताना मी पाहिल्या आहेत. सुभेदार डोळे मिटून ऐकायचे. "खट् आधी का कर्रर्र आधी?" बाई गोंधळायच्या, पुन्हा सुरुवातीपासून करायच्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "हूं… हूं… असं काहीतरी." त्यांनी एक डोळा उघडला. "आवं सर, त्ये तुमी कन्हताय. गाडीचं सांगा."

ते कायम गिऱ्हाइकाच्याच बाजूनं असत, असं मात्र नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर दातांचे एक डॉक्टर राहतात. ते एकदा बिल आणि जुन्या मालाची पिशवी घेऊन आले. मेकॅनिकनं लुटलं अशी त्यांची खात्रीच होती. सुभेदारांनी पिशवीतली एकेक वस्तू फरशीवर मांडली, बिलाशी ताडली, आणि एक बेअरिंग हातात धरून विचारलं, "हे बिलात कुटं हाय?" बेअरिंग बदललं होतं आणि मेकॅनिक ते लिहायलाच विसरला होता. सुभेदारांनी डॉक्टरांना तसंच परत पाठवलं, चारशे रुपये जास्त देऊन यायला. डॉक्टर पैसे देऊन आले, पण नंतर बरेच दिवस मला जिन्यात थांबवून विचारायचे, "सर, मी फसलो की वाचलो, तुम्हाला काय वाटतं?"

त्यांचं खरं वैर होतं ते 'किरकोळ' या शब्दाशी. बिलाच्या तळाशी 'किरकोळ – २००' असं काही दिसलं की कानावरची पेन्सिल खाली यायची. "किरकोळ म्हंजे काय? नट, बोल्ट, का चा? चा प्यालास तर चा लिव की गड्या, कोन न्हाई म्हणतंय." हे त्यांनी मिरज रस्त्यावरच्या नंदूला ऐकवलं होतं. पुढच्या बिलात नंदूनं सरळ लिहिलं, 'चहा, तीन कप'. सुभेदारांनी ते बिल पास केलं आणि आठवडाभर लोकांना दाखवत फिरले.

हा नंदू म्हणजे त्यांचा मानसपुत्रच. पत्र्याचं छोटं गॅरेज, गाडीखाली उतरून काम करायचे दोन खड्डे, आणि कामाला तो स्वतः. सुभेदार संध्याकाळी तिथं जाऊन बसत. जुना माल गोणपाटात बांधून, त्यावर खडूनं गाडीचा नंबर घालून परत द्यायची पद्धत नंदूनं त्यांच्याकडूनच उचलली. आमच्या बिल्डिंगच्या सगळ्या गाड्या नंदूकडे जायच्या, त्या सुभेदारांच्या एका शब्दावर.

आता मी. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. वस्तूची किंमत कशी ठरते, यावर मी पहिल्या वर्षाला दोन महिने बोलतो आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न घालतो. गेल्या वर्षी माझी गाडी चढावर नुसती गुरगुरायला लागली, पुढं जाईना. नंदूनं नवा क्लच टाकला. बिल झालं आठ हजार सहाशे चाळीस. हे जास्त की कमी, मला काही केल्या कळेना. एका सहकाऱ्यानं सांगितलं, लुटलं. दुसऱ्यानं सांगितलं, स्वस्तात सुटलास. इंटरनेटवर पाहिलं तर तिथं आणखी चार किमती होत्या. माझाच धडा माझ्या अंगावर आला होता आणि मी नापास होत होतो.

एक इलाज होता, सुभेदार. पण नंदूनं दिलेलं गोणपाट गॅलरीत ठेवलं होतं आणि त्यातून काळं तेल झिरपत बायकोच्या कुंड्यांकडे निघालं होतं. रविवारी सकाळी ती म्हणाली, "हे तुम्ही काढता की मी खाली टाकू?" खालून भंगारवाला ओरडत चालला होता. मी गोणपाटासकट सगळं त्याला दिलं. त्यानं वजन करून शंभर रुपये हातावर ठेवले. व्यवहार चोख झाला असं वाटून मी त्या पैशांची जिलेबी आणली.

सोमवारी पार्किंगमध्ये सुभेदार म्हणाले, "क्लच केलासा म्हणं. जुना माल दावा की."

इथं मी "विकला" एवढंच म्हणायचं होतं. महिनाभर बोलले नसते, बस. पण डोळ्यांपुढं ते मागच्या विंगमधले गृहस्थ आले, आणि मी म्हणालो, "वर आहे. उद्या आणतो."

मंगळवारी कॉलेज बुडवून भंगारवाल्याचं दुकान शोधून काढलं. तो म्हणाला, "तुमची प्लेट कालच मिरजंला गेली, सर. गळायलाबी गेली आसंल."

"तशीच दुसरी आहे का?"

त्यानं हातातला तराजू खाली ठेवला. "विकून पुन्यांदा न्यायची?"

"हो."

"तीनशे हुतील."

क्लचप्लेट म्हणजे गोल असते, मध्ये भोक असतं, काळी असते. त्यानं दिलेली तशीच होती. घरी येऊन ती एका साड्यांच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घातली आणि खाली नेली.

सुभेदारांनी आधी पिशवी पाहिली. "नंदू कवापास्नं कापडी पिशवी द्यायला लागला?"

"गोणपाट गळत होतं. बदललं मी."

त्यांनी प्लेट बाहेर काढली. पंजा पसरून तिच्यावर ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग मधल्या भोकातले दाते बोटानं मोजले. पुन्हा मोजले. आणि उभे होते ते खुर्चीत बसले.

"सर, ही तुमच्या गाडीची न्हाई. ही टेंपोची हाय. तुमच्या गाडीत ही बसतच न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमचा क्लच उघडलाच न्हाई. नवा टाकला आसता तर तुमचीच जुनी दिली आसती की. दुसऱ्याचा माल पिशवीत घालून पैशे घेतलं." त्यांनी प्लेट पुन्हा उलटी केली. "नंदूनं दिली ही?"

मी हो म्हणालो नाही. मी मान हलवली. ती नेमकी कुठल्या दिशेला हलली, हे मला आजही सांगता येत नाही. सुभेदारांना ती उभी हलल्यासारखी दिसली.

वर जाऊन मी बायकोला सांगितलं, "नंदूनं आपल्याला फसवलंय."

ती भाजी चिरत होती. "ती प्लेट तुम्हीच ना आणलीत भंगारातून?"

"हो. पण सुभेदार म्हणतायत, क्लच उघडलेलाच नाही."

"ते त्या प्लेटवरून म्हणतायत ना?"

"हो. पण त्यांचा अंदाज कधी चुकत नाही."

तिनं सुरी खाली ठेवली. खरं सांगतो, त्या दिवशी माझी मनापासून खात्री पटली होती. पुरावा खोटा आहे हे मला माहीत होतं, पण निकाल इतक्या जाणत्या माणसानं दिला होता की तो खोटा असणं मला शक्य वाटेना. दोन दिवस मी नंदूवर खराखुरा रागावलेला होतो.

सुभेदारांनी कुणापाशी नंदूला नावं ठेवली नाहीत. कुणी विचारलं, "सर्व्हिसिंगला नंदूकडं टाकू का?" तर पूर्वी ते "डोळं झाकून टाक" म्हणायचे. आता नुसतं "बघा" म्हणाले. तेवढं पुरलं. पंधरा दिवसांत आमच्या बिल्डिंगची एकही गाडी नंदूच्या खड्ड्यावर उभी राहिली नाही, आणि शेजारच्या दोन बिल्डिंगा आमचं पाहून चालत असल्यानं त्यांच्याही नाहीत. सुभेदारांचं संध्याकाळचं तिकडं जाणं बंद झालं. ते पार्किंगमध्येच येरझाऱ्या घालायचे. मी जिन्यावरून उतरताना त्यांना पाहिलं की मोबाईल कानाला लावायचो. फोनवर पलीकडे कुणी नसायचं.

शेवटी नंदूच सुभेदारांपुढं आला. हात तेलाचे, तसाच. मी नेमका गाडी काढत होतो.

"मामा, माझं काय चुकलं त्ये तोंडावर सांगा."

सुभेदारांनी घरातून प्लेट आणून त्याच्या हातात दिली. नंदूनं ती उलटीपालटी केली. "ही टेंपोची हाय."

"व्हय. सरांच्या पिशवीत निघाली."

"मी न्हाई दिली ही."

"मग सर खोटं बोलत्यात?"

नंदूनं माझ्याकडे पाहिलं. मी काचेवरची धूळ पुसत होतो. "तसं न्हाई मी म्हणत," तो म्हणाला. "सर मास्तर मानूस हाय, खोटं कशाला बोलत्याल. आन त्यास्नी प्लेट कुटली नि ताट कुटलं कळत न्हाई. कुटं घोळ झाला मला म्हाईत न्हाई, मामा. पर क्लच मी टाकलाय. रविवारी हितंच, समद्यांफुडं गाडी खोलतो. आत नवी प्लेट न्हाई घावली तर गॅरेजला कुलूप लावून गावाकडं जातो."

रविवारी सकाळी अख्खी बिल्डिंग पार्किंगमध्ये जमली. मुलाबाळांसकट. डॉक्टरांनी वरून खुर्ची आणली. नंदूनं माझी गाडी उचलून खाली लाकडी ठोकळे लावले आणि आडवा होऊन आत सरकला. गिअरबॉक्स उतरवायला तीन तास लागले. ते तीन तास मी लोकांना चहा देत होतो. मला एकसारखं वाटत होतं की आता बोलावं, आणि दर वेळी कुणीतरी म्हणायचं, "सर, साखर कमी पडलीय."

प्लेट बाहेर आली. कडा चकचकीत, नवी, वर छापलेला नंबर जसाच्या तसा. नंदूनं ती पुसून सुभेदारांच्या हातात दिली.

सुभेदारांनी एका मांडीवर ती ठेवली, दुसऱ्या मांडीवर टेंपोची. दोन्हींवर पंजा ठेवून पाहिला. दाते मोजले. चष्मा काढून पुसला, पुन्हा मोजले. कपाळावर घाम आला होता. सगळे त्यांच्याकडे पाहत होते आणि ते कुणाकडेच पाहत नव्हते.

"मला काय उमगंना," ते हळू म्हणाले. "नवी टाकलीया म्हंजे जुनी ह्याचीच निघाया पायजे. आन ही तर बसतच न्हाई." मग नंदूकडे वळून, "माझं डोळं गेलं वाटतं, गड्या. का डोस्कं."

आवाज त्यांचा नेहमीचाच होता, पण दोन्ही पंजे त्या प्लेटांवरून उचलून त्यांनी मांडीखाली घातले, जणू ते हात आता कामाचे नव्हते. तेव्हा मात्र मला चहाची किटली खाली ठेवावीच लागली.

"ती मी विकत आणली," मी म्हणालो. "माझी मी आधी भंगारात विकली होती. तुम्ही मागितली म्हणून ही आणली. नंदूनं माझीच दिली होती, गोणपाटात बांधून, खडूनं नंबर घालून."

बँकेतल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे काय?" मला पुन्हा सगळं सांगावं लागलं. दुसऱ्या खेपेला ते आणखीच अगम्य वाटलं. विकलेली वस्तू परत विकत घ्यायला गेलेला आणि तीही चुकीची घेऊन आलेला माणूस त्या गर्दीत कुणी पाहिलेला नव्हता. डॉक्टर मला मोठ्या सहानुभूतीनं न्याहाळत होते.

सुभेदार उठले. मला वाटलं माझ्याकडे येतील. ते नंदूकडे गेले. "चुकलं गड्या. पिशवीनं सांगितल्यालं ऐकलं आन तुला इचारलं न्हाई." नंदूचे हात तेलानं माखलेले होते. त्यानं मनगट पुढं केलं आणि सुभेदारांनी ते दोन्ही हातांत धरलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "नंदूचं काम फिट हाय." माझ्याकडे न पाहता पुढं म्हणाले, "खोलायजोडायची मजुरी सर देत्याल." नंदू नको म्हणत होता. मी दिली, त्यानं सांगितली तेवढी. ती योग्य होती का, हे विचारायला माझ्याकडे आता कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये निळी खुर्ची नव्हती. बिल्डिंगच्या गाड्या हळूहळू नंदूकडे परत गेल्या, पण बिलं घेऊन लोक आले की सुभेदार हात जोडून म्हणायचे, "आता नगं." आणि दिवाळीनंतर ते मावशींना घेऊन गावी निघून गेले. मुलगा म्हणाला, उसाकडं बघायला माणूस नाही. मावशी म्हणाल्या, त्यांना इथलं पाणी मानवेना. माझ्यामुळं गेले असं कुणीच म्हणालं नाही, त्यामुळं माझी पंचाईत झाली. माफी मागावी तर कशाची, हेच नक्की होईना.

यंदा मार्चमध्ये साताऱ्याला भाचीच्या साखरपुड्याला एकटाच गाडी घेऊन गेलो होतो. येताना रहिमतपूरवरून वाट वाकडी केली. घर विचारत विचारत सापडलं. मावशींनी ओळखलं, चहा टाकला. सुभेदार बाहेर आले. बंडी, पायजमा, थोडे वाळलेले. कानावर पेन्सिल नव्हती. कॉलेज, पाऊसपाणी, नंदूनं नव्यानं काढलेलं दुसरं गॅरेज, सगळं बोलून झालं. ते म्हणाले, "रानात जायचं हाय, पाण्याची पाळी हाय." मी म्हणालो, "सोडतो की."

इतक्या वर्षांत ते माझ्या गाडीत कधी बसले नव्हते. कच्चा रस्ता, चारेक किलोमीटर. समोर ऊस भरलेली ट्रॉली धिम्या चालीनं चाललेली, तिच्यामागं आम्ही. ते रस्त्याकडे पाहत नव्हते. मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, जुनं काही मनात असेल. धीर करून म्हणालो, "सुभेदार, माझं चुकलंच. आणि एक विचारायचं राहून गेलं. नंदूचं ते पहिलं बिल, आठ हजार सहाशे चाळीस. काम खरं होतं हे कळलं. पण पैसे बरोबर होते का हो?"

त्यांची मान खालीच होती. बांधापाशी "हितं" म्हणाले, उतरले, दार हलक्या हातानं लावलं आणि उसाच्या सरीतून चालू लागले. पाटाचं पाणी आलं होतं. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला. मी गाडी वळवत होतो, तशी ती नेहमीसारखी गुरगुरली. सुभेदार थांबले. चिखलातून परत आले, काचेवर बोटानं टकटक केली. मी काच खाली घेतली.

"बिल बराबर हुतं, सर," ते म्हणाले. "घरापास्नं हितवर तुमचा डावा पाय क्लचवरनं हालला न्हाई. प्लेट जळनारच की. गाडी चांगली हाय, नंदू चांगला हाय. तुमाला चालवायला येत न्हाई."